पळीभर पाणी

पाच वर्षं मी देवीशी अबोला धरला होता. पूजा मात्र एक दिवस चुकवली नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर आमच्या नणंदबाई हे वाचून लगोलग फोन करतील. लग्नात आईने दिलेली पितळेची अन्नपूर्णा, बोटाएवढी, हातात पळी घेऊन बसलेली. ती रोज वाटीतल्या तांदळावर बसायची, हळदकुंकू लावून घ्यायची. दर शुक्रवारी मी अन्नपूर्णेच्या मंदिरातही जाऊन यायचे. पण मागणं नाही, गाऱ्हाणं नाही, तोंडातून एक शब्द नाही. भांडलेली बायको नवऱ्याशी बोलत नाही, डबा तेवढा वेळेवर भरून देते, तसं आमचं दोघींचं चाललं होतं.

कारण सांगायला हवं. मी सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होते. महामारीच्या दुसऱ्या लाटेत आमच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्याच आठवड्यात हे आजारी पडले. ह्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात जागा मिळाली. मी माझ्या वॉर्डात परक्यांच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावत होते तेव्हा ह्यांचा फोन आला. हातात ग्लोव्ह्ज होते. नंतर करते म्हटलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. आपल्यात जाणाऱ्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब घालतात. मी माझ्या हाताने कितीजणांच्या घातले असतील, पण माझ्या माणसाच्या तोंडात कोणी घातले की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायला गेले तर तिथल्या सिस्टरने मान खाली घातली, ड्यूटी बदलली होती म्हणाली. तिचं काही चुकलं नाही, तिच्या जागी मीही तेच सांगितलं असतं. घरी येऊन मी देवीला मात्र विचारलं, की तू ही पळी हातात धरून बसतेस ती कशाला? उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं.

रिटायर झाल्यावर राजेंद्र नगरचं घर मला खायला उठायचं. मुलगा बाहेरगावी, त्याचा फोन रविवारी. अशात केतकी भेटली. डॉक्टर केतकी नाशिककडची, इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलेली, वयाने माझ्या मुलाएवढी. पूर, आग, साथ असं काही झालं की धावून जातील अशी माणसं तिने गोळा केली होती. माझ्यासारख्या रिटायर नर्सा, दोन-तीन केमिस्ट, नर्सिंगच्या मुली. पगार नाही, चहासुद्धा आपापला. तिचं मराठी ऐकलं की आम्हा इंदूरवाल्यांना आपली भाषा खिचडी वाटायला लागते. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि भाषा तेव्हापासून वाटेतच राहिली. मी फोनवर म्हणायचे, ‘मी निघून राहिले, बस पाच मिनट,’ आणि ती हसू दाबून म्हणायची, ‘या मावशी.’ मी तिच्याबरोबर गेले ती काही सेवाभावाने नाही. हात कामात असले की डोकं गप्प बसतं, एवढंच कारण.

त्या वर्षी भाद्रपदात दोन दिवस पाऊस खळला नाही आणि शहराच्या कडेला, नाल्यालगतच्या एका वस्तीत पाणी शिरलं. वस्तीचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना उगाच बोल लागायला नको. पाणी ओसरलं तेव्हा लोकांना वाटलं, सुटलो. पण अशा ठिकाणी खरं दुखणं पाणी गेल्यावर येतं. नाल्याची घाण बोरिंगमध्ये उतरली होती. चार दिवसांत घराघरात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आणि केतकीने आम्हाला बोलावलं.

काम साधं होतं. प्रत्येकीने आपली गल्ली घ्यायची आणि रोज घर न घर बघायचं. कोणाला जुलाब आहेत विचारायचं, पाण्यात घालायच्या मीठ-साखरेच्या पुड्या द्यायच्या, जास्त बिघडलेला असेल त्याला शाळेत लावलेल्या कॅम्पवर पाठवायचं. बघून झालेल्या घराच्या दारावर खडूने गोल. घर बंद असेल तर फुली. फुलीच्या घरी त्याच दिवशी परत जायचं आणि माणूस डोळ्यांनी पाहिल्यावरच फुली पुसून गोल करायचा. संध्याकाळी केतकी विचारायची, ‘कोणाच्या फुल्या राहिल्या?’ बाकीच्या हात वर करायच्या, कारणं सांगायच्या. माझा हात कधी वर झाला नाही. नोकरीत कधी नाकावर माशी बसू दिली नाही, आता काय बसू देते? आज लिहिताना कळतं की मला फुलीची भीती आजाऱ्यासाठी वाटत नव्हती. माझ्या नावाला वाटत होती.

बुधवारी गल्लीच्या मधोमध एका ओट्यावर उभं राहून मी बायांना पाणी करायला शिकवलं. पुडी संपली तर घाबरायचं नाही, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं, सहा छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. और सुनो, एकदम से नहीं पिलाने का. थोड़ा-थोड़ा, चम्मच-चम्मच. उलटी हुई तो दस मिनट रुको, फिर चालू करो. आयांना घाई असते, पोराने गटागटा ग्लास संपवला की त्यांना बरं वाटतं. ‘पी हळद अन् हो गोरी, असं नसतं गं बायांनो,’ मी मराठीतच ओरडले, आणि काही न कळताही त्या हसल्या. समोरच्या घराच्या खिडकीचे गज धरून एक म्हातारी ऐकत होती. तिच्या कडेवर चारेक वर्षांची पोर होती. मी ओट्यावरून उतरून गजांतून दोन पुड्या तिच्या हातात दिल्या. त्या घराच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. मला ते दिसलं होतं, हे मुद्दाम लिहून ठेवते.

गुरुवारी मी सकाळी लवकर गेले तेव्हा त्या घरची सून भेटली. सुनीता तिचं नाव, तुकोगंजात दोन बंगल्यांवर स्वयंपाक करते. पाणी शिरलं तेव्हाचे खाडे झाले होते, आता आणखी एक झाला तर दुसरी बाई ठेवू, असं मालकिणीने सांगितलेलं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. नाला दारापासून दहा पावलांवर, पोरगी वाऱ्यासारखी पळणारी, सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ‘ताला नहीं लगाऊँ तो छोरी सीधी नाले पे जाती है, दीदी,’ ती म्हणाली. मी मान डोलावली. त्या गल्लीत अशी तीन-चार घरं होती, बाहेरून कुलूप आणि आत माणसं. सगळ्यांची तब्येत बरी होती. मी दारावर गोल काढला आणि पुढे गेले.

शुक्रवारी मला आरतीला पोचायचं होतं. देवीशी बोलायचं नाही पण आरती चुकवायची नाही, असा माझा उलटा हट्ट. दुपार टळली होती, पावलं सुजली होती, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती आणि शेवटचं घर सुनीताचं राहिलं होतं. दाराला कुलूप. आज खिडकीही बंद. मी खडू धरलेल्या हातानेच दारावर एकदा टकटक केलं. आतून भांड्याला काहीतरी लागल्यासारखा बारीक आवाज आला. मांजर असेल, म्हटलं. हाक मारली नाही. नियमाने तिथे फुली पडायला हवी होती. पण फुली म्हणजे परत येणं, आणि परत येणं म्हणजे आरती गेली आणि संध्याकाळी केतकीपुढे हात वर. काल तर सगळे ठीक होते, असं स्वतःला समजावलं आणि कालचा गोल पुसून मी आजचा काढला. चांगला नीट, टोकाला टोक जुळवून काढला.

मंदिरात पोचले तर पट बंद. आत देवीचा शृंगार चालू होता. मी पायरीवर बसले आणि पावलं चोळायला लागले. शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, गुडघे दुखत असल्यासारखा एक पाय लांब सोडलेला. मी बडबडले असेन, की इतकं धावत आले आणि दार बंद. माझा स्वभावच तो, देवीशी बोलत नव्हते तरी तिच्या दाराशी कुरकुर करायला काही वाटत नव्हतं. ती बाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘पट बंद है तो क्या हुआ, बेन. माँ तो भीतर बैठी है. तुम आवाज़ तो दो.’

मला खिडकीचे गज आठवले. गजांवरची ती सुरकुतलेली बोटं आणि दाराचं कुलूप. मग तो भांड्याचा आवाज. दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस मी पायाच्या दुखण्यापुढे आणि एका आरतीपुढे विसरले होते. त्या बाईचं मी नाव विचारलं नाही, तिचा चेहराही आज मला धड आठवत नाही. साधी बाई होती. कोणीही पट बंद बघून चिडलं असतं तर तिने त्यालाही हेच सांगितलं असतं. मी याचा अर्थ लावत बसत नाही. ती तिथे बसली होती आणि मी तिचं ऐकलं, एवढं खरं आहे. चपला पायात धड सरकवल्या नाहीत तोच आतून पहिली घंटा वाजली. पट उघडत होते. मी पाठ फिरवून रिक्षा शोधायला लागले. ‘दर्शन हो गए, आंटीजी?’ रिक्षावाल्याने विचारलं. ‘भिया, तुम बस जल्दी चलाओ,’ मी म्हटलं. रस्ताभर मी स्वतःला सांगत होते की काही झालेलं नसेल, सुनीता आली असेल, आपण मूर्खासारख्या तोंडावर पडणार. तोंडावर पडायला मी त्या दिवशी तयार होते.

दिवेलागणीला मी दारापाशी पोचले. कुलूप तसंच. ‘माँजी,’ मी हाक मारली. काही नाही. ‘माँजी, मी आले, वो दवाईवाली.’ मग आतून तोच आवाज आला, वाटीवर पळी आपटल्याचा. एकदा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा. शेजारचा एक भिया घरातून वरवंटा घेऊन धावला आणि त्याने कुलूप तोडलं. प्रत्येक घावाला दार हादरत होतं आणि माझा गोल माझ्या डोळ्यांसमोर हलत होता.

आत चिखलाचा आणि जुलाबांचा वास होता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, पोर तिच्या मांडीवर, एका हाताशी वाटी, दुसऱ्या हातात तेलाची छोटी पळी. मी आधी पोरीकडे धावले. ती रडली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जुलाब झालेल्या लेकराच्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे काय असतं हे नर्सला विचारा. जीभ ओली होती, नाडी लागत होती. मग मी म्हातारीचं मनगट धरलं. थंडगार. नाडी नाही. हाताची कातडी चिमटीत उचलली तर तशीच उभी राहिली. डोळे खोल गेले होते, पण शुद्ध होती. सकाळी सून गेल्यावर दोघींचं एकदमच सुरू झालं होतं. मी दिलेल्या दोन पुड्या दुपारच्या आतच संपल्या होत्या. घरात उकळलेल्या पाण्याचा एक घडा होता, तळाला आलेला, आणि डब्यात थोडी साखर. तेवढ्याचं तिने पाणी केलं होतं. उठून खिडकी उघडायची ताकद दुपारीच गेली होती. ‘तमने पियो के नी?’ तुम्ही प्यायलात की नाही, असं मी तिच्याच माळवी बोलीत विचारलं. ती म्हणाली, ‘थोड़ो थो. छोरी के दइ दियो. तमने कियो थो नी, चम्मच-चम्मच.’ थोडंच होतं, ते पोरीला दिलं, तुम्हीच सांगितलं होतं ना.

इतक्या वर्षांत मी जिला रोज हळदकुंकू लावत आले ती कशी बसते, हे मला पाठ आहे. पाय दुमडलेले, मांडीवर भांडं, हातात पळी. पण बघत बसायची ती वेळ नव्हती.

फोन करताच केतकी कॅम्पवरून सलाइन घेऊन पळत आली. म्हातारीच्या हाताची नस मला सापडेना. अंधारात, हलत्या गाडीत नसा शोधलेली बाई मी, पण तीनदा सुई घातली आणि तिन्ही वेळा फुकट. गल्लीत अँब्युलन्स येत नव्हती. चौघांनी खाट उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. चालता चालता मी तिच्या तोंडात पाणी घालत होते, थोडं आत जात होतं, थोडं गालावरून ओघळत होतं. दवाखान्यात मानेतून सलाइन लावलं. सुनीता धावत आली ती पोरीच्या वॉर्डात बसली, तिला तिथून हलू देईनात. म्हणून म्हातारीजवळ मी थांबले. तिचं नाव धापूबाई, हे मला केसपेपरवर वाचून कळलं. तिची किडनी बंद पडली होती.

उजाडल्यावर तिने डोळे उघडले आणि ओठ हलवले. मी ड्यूटीवरच्या सिस्टरकडे बघितलं. सिस्टर विशीतली पोर होती, तिने नुसती मान हलवली आणि पडदा ओढून घेतला. मी चमच्याने पाणी दिलं. पहिला चमचा गिळला. दुसरा गिळला. तिसरा बाहेर आला. मी पदराने तिचं तोंड पुसलं आणि तिचा हात धरून बसून राहिले, थोड्या वेळाने सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या घरचं कोणी तिथे नव्हतं. तिच्या तोंडात शेवटचं पाणी एका परक्या बाईने घातलं होतं, आणि सुनीताने उद्या या वॉर्डात येऊन विचारलं असतं तर त्या वेळच्या सिस्टरची ड्यूटी बदललेली असती. मी त्या खुर्चीवर बसून पाच वर्षांचं रडले. ह्यांच्याही खाटेशी कोणीतरी असेलच, असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. पण कोणी नसेलच, हे जे मी पाच वर्षं छातीशी धरून बसले होते, तेही मला ठाऊक नव्हतं.

पोरगी वाचली. सुनीताने माझे पाय धरले. ‘मैया ने भेजा आपको, दीदी. आप नहीं आतीं तो मेरी छोरी भी जाती.’ आणि मी गप्प राहिले. तिला उठवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि ते सगळं माझ्या पदरात पडू दिलं. गोल काढला ती चूक होती. पण ही गप्पगिरी चूक नव्हती, हे पाप होतं, आणि ते मी शुद्धीवर राहून केलं. मी दुपारी दार ठोठावलं तेव्हा म्हातारी पळी आपटत होती. तेव्हा हाक मारली असती तर? डॉक्टर लोक म्हणतात, वय झालेलं होतं, सांगता येत नाही. मला सांगता येतं. मी त्या दुपारचं प्रत्येक मिनिट मोजू शकते.

केतकीला मी त्याच दिवशी सांगितलं. वाटलं होतं, ती रागावेल किंवा समजूत घालेल. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, ‘मावशी, तुमच्या हाताने लिहा.’ मी लिहिलं, घर बंद होतं, आत पाहिलं नाही, तरी गोल काढला. तिने वाचून वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना नियम झाला, की कुलूप दिसलं तर तीन हाका मारायच्या, दाराला कान लावून थांबायचं, शेजारी विचारायचं, आणि मगच खडूला हात लावायचा. त्या दिवशी मी निघताना तिने विचारलं, ‘उद्या येणार ना?’ मला वाटलं होतं, ती नको म्हणेल. मी म्हटलं, ‘येते.’

घरी येऊन देव्हाऱ्यापुढे उभी राहिले. पाच वर्षांत जमवून ठेवलेलं केवढं बोलायचं होतं, सगळी फिर्याद तोंडपाठ होती. त्यातलं काही आठवेना. ‘चुकलं माझं,’ एवढंच तोंडातून आलं. देवी तांदळावर बसली होती, नेहमीसारखी. तिने काही उत्तर दिलं नाही आणि मला त्याचा राग आला नाही. आयुष्यभर मला वाटत आलं, मी देणारी आहे. पुड्या मी देते, पाणी मी देते, कोण बघून झालं आणि कोण राहिलं तेही मीच ठरवते. आणि खरं देणं त्या दिवशी कुलपाच्या आत चाललं होतं, मी शिकवलेल्या शब्दांनी, माझ्याशिवाय. मी बाहेर गोल काढून निघून गेले होते. माझे शब्दसुद्धा माझे नव्हते, ते बंद दारातून आत गेले आणि ज्याला उपयोगी पडायचे त्याला पडले.

सुनीताला सांगायला मात्र मला तेरावा उजाडला. पंगत उठली होती, बाया पांगल्या होत्या. दारावरचा माझा गोल अजून तसाच होता, पुसट झालेला, कोणी पुसला नव्हता. तोडलेलं कुलूप कडीला लटकत होतं. मी तिला सगळं सांगितलं. दुपारची वेळ, तो आवाज, मांजर म्हटलं ते, आरती, रिक्षा. ती ताटं पुसत होती, पुसतच राहिली. एकच ताट किती वेळ पुसावं? मग ते खाली ठेवून म्हणाली, ‘ताला तो मैंने लगाया था, दीदी.’ दुसरं ताट उचललं आणि म्हणाली, ‘रोज लगाती थी.’ तिने मला माफ केलं नाही, मी माफी मागितलीही नाही. तिने मला जा असंही म्हटलं नाही. आम्ही दोघी त्या ओल्या भिंतीला टेकून बसलो, जिथे धापूबाई बसली होती तिथेच, आणि मला रडू आवरेना.

पोरगी कोपऱ्यात खेळत होती. तिने माझ्याकडे बघितलं, उठली, माठातून वाटीत पाणी घेतलं आणि ती तेलाची पळी शोधून आणली. माझ्यासमोर उकिडवी बसून तिने पळी भरली आणि माझ्या ओठांपाशी धरली. मी हात पुढे केला तर तिने माझा हात बाजूला सारला. ‘एकदम से नहीं पीने का,’ ती अगदी कडक आवाजात म्हणाली. ‘थोड़ा-थोड़ा. मुँह खोलो.’ तो आवाज माझा होता, बुधवारचा, ओट्यावरचा. तो तिच्या आजीच्या तोंडून तिला मिळाला होता.

आज मी देवीशी बोलते. मागत फारसं नाही. ह्यांच्या तोंडाशी कोणाची पळी लागली ते मी आता विचारत नाही, ते तिच्यावर सोडलं आहे. त्या दिवशी मी फक्त तोंड उघडलं, आणि ते लेकरू देईल तेवढं, देईल तसं, पीत राहिले.